संशोधकाचे मौन

वीस वर्षे न्यायालयात उभे राहिल्यानंतर खरे आणि खोटे यांमधील सीमारेषा आपणांस बऱ्यापैकी ठाऊक झाली आहे, असा आमचा समज होता. शपथेवर केलेले विधान खोटे ठरले तर त्याला कायद्यात शिक्षा आहे; शपथ नसेल तेथे ज्याचे त्याने आपल्या मनाशी पाहावे. हा समज गेल्या श्रावणातील एका संध्याकाळी, सुरतेतील आमच्या घरी, डळमळीत झाला. ज्या प्रश्नाने तो डळमळला तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या परिचयातील एक कुटुंब खानदेशातून येऊन उधन्यास स्थायिक झाले आहे. वडील डाइंग मिलमध्ये नोकरीस आहेत. त्यांची मुलगी शिक्षणशास्त्रात पीएच. डी. करीत आहे. तिने मराठी माध्यमाच्या दोन शाळांत, चौथीच्या मुलांना सहा महिने संगणकावर गणिताचे धडे देऊन पाहिले होते. पहिल्या शाळेत मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. दुसऱ्या शाळेत काहीच दिसले नाही. तिला मिळालेला सल्ला असा की, दुसरी शाळा प्रबंधातून गाळावी. नाही तरी तेथील पटसंख्या थोडी कमीच होती, तेवढे कारण पुरेसे आहे. शिष्यवृत्तीची मुदत मार्चअखेर संपत होती.

ती चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाली, "काका, दुसऱ्या शाळेबद्दल मी खोटं काहीच लिहिणार नाही. फक्त काही लिहिणारच नाही. मग हे खोटं बोलणं झालं का?"

आमचे पहिले उत्तर वकिलाचे होते. आम्ही म्हणालो, "कायद्याने नाही." आणि ते उत्तर बरोबरही होते. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा घेऊन १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याचा संबंध न्यायालयातील पुराव्याशी. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक सचोटीसंबंधी विनियम केले खरे, परंतु त्यांचा मुख्य रोख वाङ्मयचौर्यावर आहे. दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, साठ टक्क्यांच्या वर गेले तर संशोधकाची नोंदणीच रद्द, अशी तेथे चढती श्रेणी आहे. दुसऱ्याचे किती घेतले हे यंत्राने मोजता येते. आपले किती लपविले हे मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

मुलगी निघून गेली. आमचे उत्तर मात्र घरातच राहिले आणि आम्हांस टोचू लागले. कारण तिने कायदा विचारलाच नव्हता.

न्यायालयात आम्ही अशिलाची बाजू मांडतो. त्याला प्रतिकूल असे जे काही असेल ते सारे स्वतः होऊन सांगण्याचे बंधन सामान्यतः आमच्यावर नसते, आणि यात कोणास अनीती वाटत नाही. असे का? समोर दुसरा वकील उभा असतो. आम्ही जे झाकू ते उघडे करणे हे त्याचे कामच आहे. साक्षीदाराला उलटतपासणी आहे, आणि सर्वांच्या वर दोघांचे ऐकून घेणारा न्यायाधीश आहे. आमच्या मौनाला नैतिक आधार असलाच तर तो त्या समोरच्या माणसाच्या उपस्थितीचा आहे.

आता संशोधकाच्या खोलीत डोकावून पाहावे. तेथे दावा करणारा तोच, साक्ष देणारा तोच आणि निकालपत्र लिहिणाराही तोच. समोरची खुर्ची रिकामी असते. तिच्यावर बसावयाचा माणूस दहा वर्षांनी दुसऱ्या कोणत्या तरी गावी तो प्रबंध उघडणार असतो. आणि जे लिहिलेलेच नाही त्याची उलटतपासणी त्याने कशी घ्यावी? म्हणून वकिलाला जे मौन क्षम्य ठरते ते संशोधकाला क्षम्य ठरत नाही, असे आमचे मत आहे. अनुपस्थित प्रतिपक्षाचे वकीलपत्रही त्यालाच घ्यावे लागते.

हा विचार पश्चिमेकडून आणावयास नको. आपल्या शास्त्रग्रंथांची रचनाच अशी की आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता आले नसते इतक्या ताकदीने मांडावयाचे, आणि मगच त्याचे निराकरण करावयाचे, हीच चांगल्या भाष्यकाराची ओळख. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत: सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. आमच्या व्यवसायात जल्पाला जागा आहे. संशोधनात नाही. दुसरी शाळा गाळलेला प्रबंध हा वादाची वस्त्रे ल्यालेला जल्प होय.

ज्या सुरतेत हा प्रश्न आमच्यापुढे आला, तेथेच तो पूर्वीही एकदा उभा राहिला होता. २२ जून १८४४ रोजी या शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक होते आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्या वेळी येथे अध्यापन करीत असलेले मुंबईकर होते. सभेच्या बैठका उघड भरत. भुतेखेते व मंत्रतंत्र यांविषयी जे दावे लोकांत चालत, ते करणाऱ्यांना सभेपुढे येऊन आपली विद्या सिद्ध करून दाखवावी, असे आव्हान दिले जाई. वाचकांनी लक्षात घ्यावे की सभेची मागणी विश्वास सोडून द्या अशी नव्हती. सर्वांसमक्ष करून दाखवा, एवढीच होती. मांत्रिकाचा मंत्र फळला तेवढ्याच कथा गावात फिरतात. न फळलेल्या रात्रींची गणती कोणी ठेवीत नाही. सभेला हवी होती ती ही दुसरी गणती.

दादोबा १८४६ मध्ये मुंबईस परतले. तेथे १८४९ साली त्यांच्याच प्रेरणेने परमहंस मंडळी निघाली. तिचे ध्येय जातिभेद मोडण्याचे, म्हणजे सुरतेच्या सभेहूनही धाडसाचे; पण तिचे कामकाज गुप्त. १८६० च्या सुमारास तिची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली आणि मंडळी पांगली. ज्या काळी जातिबहिष्काराची कुऱ्हाड डोक्यावर होती, त्या काळच्या माणसांना आज घरी बसून भित्रे म्हणणे आम्हांस शोभणार नाही. तरीही एवढे खरे की जे सत्य केवळ बंद दाराआड उच्चारले गेले, ते दार उघडताच टिकू शकले नाही.

दादोबांच्या काळी जे मांत्रिकाला विचारावे लागले, ते आज विद्वानांना विचारावे लागत आहे, आणि विद्वानांनीच ते विचारले ही त्यांच्या मोठेपणाची खूण आहे. रॉबर्ट रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली या व्याधीला एक साधे नाव दिले: फायलींच्या खणाचा प्रश्न. अपेक्षित निष्कर्ष निघाला तर तो छापला जातो. न निघाला तर कागद खणात पडून राहतात. याचा परिणाम काय होतो हे साध्या हिशेबाने कळेल. केवळ योगायोगाने विसांतून एकदा फसगत होऊ शकते, एवढी सूट या शास्त्रांत बहुधा धरलेली असते. आता एखादी मुळातच चुकीची कल्पना वीस संशोधकांनी वीस गावी तपासली, तर त्यांपैकी एकाला ती खरी असल्याचा भास होण्याचा पुरेपूर संभव आहे. तो एक आपला निबंध छापतो; एकोणीस गप्प बसतात. वाचकापुढे फक्त तो एकच येतो. येथे एकही माणूस खोटे बोललेला नाही, आणि तरीही जगाला जे कळले ते खोटे आहे.

२०१५ साली मानसशास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने आपल्याच शास्त्रातील १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ लेखांपैकी ९७ टक्क्यांत दखल घेण्याजोगा परिणाम दिसला होता. पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो केवळ ३६ टक्क्यांत दिसला. यावरून मूळ संशोधक अप्रामाणिक होते असे सिद्ध होत नाही. काही फरक परिस्थितीचे असतील, काही केवळ योगायोगाचे. परंतु वीसजणांच्या मौनातून काय उभे राहते, याची पुसट रेषा त्या आकड्यांत दिसते.

याच्या उलट, अपुरेपण उघड सांगूनही मोठे काम उभे राहते याचे उदाहरण संगणकांच्या जाळ्यांच्या विद्येत आहे. दूरदूरच्या संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलावे याचा विचार चालू असताना, ७ एप्रिल १९६९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील स्टीव्ह क्रॉकर या तरुण विद्यार्थ्याने पहिले टिपण लिहिले. त्याला त्याने 'नियम' म्हटले नाही, 'निर्णय' म्हटले नाही. 'अभिप्रायासाठी विनंती' असे नाव दिले. अशा टिपणांची संख्या आज नऊ हजारांवर गेली आहे. त्यांत एक शिस्त आहे: एकदा प्रसिद्ध झालेले टिपण मागाहून बदलीत नाहीत. चूक आढळली तर तिची नोंद वेगळी ठेवतात, नवा विचार नव्या क्रमांकाने लिहितात, आणि जुने जसेच्या तसे राहते. आज आपले व्यवहार ज्या जाळ्यावर चालतात, त्याची बरीचशी इमारत अशी अभिप्राय मागून आणि चुका जपून ठेवून उभी आहे.

जीवशास्त्र आणि गणन यांच्या संगमावरील विद्येत तर आव्हान देण्याची जुनी रीतच नव्याने रूढ झाली. प्रथिनाची साखळी कशी दुमडते हे गणिताने आधी सांगता यावे, अशी पुष्कळांची आकांक्षा होती आणि तसे सांगता येते असे दावेही होत. १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा घेतली जाते. ज्या प्रथिनांचे आकार प्रयोगशाळेत निश्चित झाले आहेत किंवा होत आले आहेत, पण अद्याप प्रसिद्ध झालेले नाहीत, त्यांचे आकार स्पर्धकांनी आधी कळवावयाचे; मग उत्तर उघडावयाचे. उत्तर पाहून दावा बेतण्याची सोयच तेथे उरत नाही. पहिली अनेक वर्षे या परीक्षेत अपयशच पुष्कळ होते, आणि ते सर्वांना दिसत होते. २०२० मध्ये अल्फाफोल्ड या प्रणालीने त्याच परीक्षेत असामान्य यश मिळविले, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा गौरव झाला. त्या यशावर जगाने विश्वास ठेवला, कारण आधीच्या पंचवीस वर्षांचे अपयश कोणी लपविलेले नव्हते.

त्याच १९९४ च्या सप्टेंबरात आमच्या सुरतेवर प्लेगचे सावट आले. लाखो लोक शहर सोडून गेले. गाड्यांच्या टपांवर बसून गेलेली माणसे अजूनही येथे त्या दिवसांविषयी सांगतात. त्याआधी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यातही गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. परंतु सुरतेची साथ प्लेगचीच होती काय, याविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले. आधीच्या तपासण्या अपुऱ्या आहेत असे कित्येकांनी उघड म्हटले. सरकारने डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिचा कौल प्लेगच्या बाजूने पडला. तरीही शंका पूर्ण मिटली नव्हती. पुढे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी साथीतील जंतूंच्या नमुन्यांचा जनुकीय क्रम तपासून, ते प्लेगचेच जंतू असल्याचे २००० साली प्रसिद्ध केले. ही तपासणी शक्य झाली, कारण नमुने राखून ठेवलेले होते. शंका घेणारे चुकले असे म्हणून आम्ही त्यांना हिणविणार नाही. त्यांनी शंका घेतली नसती तर उत्तर इतके पक्के झाले नसते. जपून ठेवलेला पुरावा आणि बोलून दाखविलेली शंका ही दोन्ही सत्याचीच सेवा करतात. मौन मात्र कोणाचीच करीत नाही.

आता एक आक्षेप. संशोधकाने सर्वच लिहावयाचे ठरविले तर प्रबंध कधी संपावयाचा? फुटलेली काचनळी, बंद पडलेला संगणक, गैरहजर मूल, हे सारे कोठवर लिहावे? आक्षेप रास्त आहे. निवडीशिवाय लेखन होत नाही. आमच्या मते येथे एकच कसोटी पुरते: गाळलेली गोष्ट वाचकाला कळली असती तर त्याचे मत बदलले असते काय? बदलले असते, तर ती गाळणे म्हणजे वाचकाच्या वतीने परस्पर निकाल देणे होय. दुसरी शाळा या कसोटीला निःसंशय उतरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. योजना चांगली असेल आणि एका शाळेतील अपयश छापल्याने ती बंद पडेल, तर त्यात मुलांचेच नुकसान नाही काय? याचे उत्तर आमच्या शेजारच्या शहरातून मिळते. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील शाळांत 'बालसखी' योजनेची पाहणी झाली. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी वेगळ्या बसवून शिकवीत. वडोदऱ्यात संगणकावरील गणिताचाही प्रयोग झाला. दोन्हींचा फायदा आकड्यांत दिसला. पण योजनेतून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्या फायद्याचा बराच भाग ओसरतो, हेही संशोधकांनी २००७ च्या त्याच निबंधात लिहिले. त्यामुळे मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकविण्याचा विचार मेला नाही. उलट त्याचे पुढे अनेक ठिकाणी प्रयोग झाले. त्या निबंधाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओसरलेला फायदा लिहिल्याने त्यांची प्रतिष्ठा ओसरली नाही.

मात्र उघडपणाला नेहमीच पारितोषिक मिळते, असे सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाही. या मासिकाच्या दोन्ही भाषांना आपले वाटावेत असे दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर, संततीत दिसणाऱ्या सरमिसळीवरून कसे मोजावे, याचे एक गणिती सूत्र त्यांनी १९४४ साली मांडले. आनुवंशशास्त्रात ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाची सिद्धता साधल्याचा दावा प्रसिद्ध केला. तज्ज्ञांना तो दावा सदोष आढळला, आणि त्यांच्या गणिती कीर्तीला त्याने मोठा धक्का बसला. १९६६ मध्ये ते वारले. एकाच माणसाचे एक सूत्र तपासणीत टिकले आणि एक सिद्धता टिकली नाही. आम्हांस येथे आदर वाटतो तो एवढ्यासाठी की दोन्ही त्यांनी कागदावर, इतरांना तपासता येतील अशी ठेवली होती. खणात ठेवलेली चूक कोणालाच काही शिकवीत नाही, आणि तिच्या मालकाला ती शेवटपर्यंत सत्यच वाटत राहते.

आठ दिवसांनी आम्ही त्या मुलीला बोलावून घेतले आणि आमचे पहिले उत्तर मागे घेतले. म्हणालो, "कायद्याने ते खोटं नाही, पण आहे खोटंच. तू लिही."

ती शांतपणे म्हणाली, "काका, लिहिलं तर मार्चच्या आत सादर होत नाही. पुढचे पैसे कोण देणार?"

या प्रश्नापुढे आमची सारी न्यायसूत्रे गप्प झाली. उपदेश आमचा आणि किंमत तिची, हा व्यवहार न्यायाचा नव्हता.

तिने दोन्ही शाळा लिहिल्या. प्रबंध लांबला, शिष्यवृत्ती संपली, आणि आता ती संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेते. दुसरी शाळा लिहावयाची म्हणून ती तेथे पुन्हा जाऊन बसली, तेव्हा तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्या वर्गातील पुष्कळ मुले घरी अहिराणी बोलणारी. संगणकावरील गणिताचे प्रश्न पुस्तकी मराठीत. मुलांना बेरीज येत होती. प्रश्न समजत नव्हता. हा तिचा तर्क आहे, तो अजून तपासावयाचा आहे, असे तिने स्वतःच प्रबंधात लिहिले आहे. पण घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, या अवस्थेचा अर्थ या मासिकाच्या वाचकांस आम्ही समजावून सांगावा असे नाही. शाळा गाळली असती तर तिच्याबरोबर ती मुलेही गाळली गेली असती. प्रबंध अद्याप परीक्षकांकडे आहे.

म्हणून शेवटी प्रश्न तिच्यापुरता राहत नाही. तो आपल्यापर्यंत येतो. देवळाच्या सभागृहात आपण दरवर्षी गुणगौरव करतो. शाल, श्रीफळ, पाकीट, टाळ्या. सत्कार होतो तो यशाचा, आणि तो योग्यच आहे. परंतु आपण फक्त यशालाच शाल घालत राहिलो, तर संशोधन करणारी आपली मुले अपयश खणात ठेवण्यास आपल्याकडूनच शिकतील. आमची एक नम्र सूचना आहे. ज्या ज्या संस्थांकडे विद्यावृत्तीचा निधी आहे, त्यांनी त्यातील थोडा भाग अशा विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा, ज्याचा प्रबंध केवळ प्रतिकूल निष्कर्ष प्रामाणिकपणे लिहिण्यासाठी लांबला आहे. रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाची असली तरी चालेल. आणि मुलाखतीच्या वेळी, काय सापडले हे विचारून झाल्यावर, आणखी एक प्रश्न विचारावा: काय सापडले नाही?

आम्ही आमच्यापुरता तो हिशेब चुकता करावयास आरंभ केला आहे. त्याचा तपशील येथे सांगण्याजोगा नाही. एवढेच सांगतो की ती मुलगी आता आमच्याकडे येते तेव्हा चहा गरम असतानाच पिते.